मधलं कडवं

—नाही हो, गाणं नाही ते, शिवणयंत्राचा आवाज आहे. आतल्या खोलीत धाकटी बसलीय शिवत. माझी धाकटी बहीण — जिचं गाणं ऐकून तुम्ही आलात, तीच. येईल बाहेर, येईल. तुम्ही आधी नीट टेका. त्या खुर्चीत नको, तिचा पाय डुगडुगतो — इथं दिवाणावर या आणि लेकीला अशी आडवी करा. उशी घ्या ना, संकोच कसला! किती वर्षांची म्हणालात? आठ. अंगानं सहाची वाटते बाई. एवढ्याशा जिवाला मधुमेह, म्हणजे काय म्हणावं! रोज सुया, रोज सुया — दंड बघा, मांड्या बघा, नुसती चाळण झालीय. पण काल फोनवर ठरलं तसं केलंत ना? कालपासून एकही सुई नाही? आज सकाळचीसुद्धा नाही? शाबास. फार धीर लागतो हो याला, सगळ्यांना नाही जमत. आई असून — नाही, आई आहात म्हणूनच जमलं. आणि ते सगळं सामान घरीच ठेवून आलात ना? बरं केलंत. जवळ असलं की हात जातो. मन कच्चं असतं आपलं, मन कच्चं. आणि मिस्टरांना? — नाही ना सांगितलं? मग झालं तर. ते कामावरून येतील संध्याकाळी, तोवर तुम्ही हसत-खेळत घरी पोचलेल्या असाल. मग सांगा सावकाश.

पाणी हवंय तिला? परत? आत्ताच तर दोन पेले प्यायली. पिऊ द्या, पिऊ द्या, अडवू नका. थांबा, साधं कशाला, मी लिंबू पिळून आणते — हे घ्या. दोन चमचे साखर घातलीय चांगली भरून. दचकता काय? आता कसलं बंधन तिला? किती वर्षं गोड नव्हतं बिचारीला, सांगा! वाढदिवसाला सगळी पोरं खाणार आणि ही टाळ्या वाजवत बघत बसणार — हे तुम्हीच सांगितलंत ना फोनवर, रडत रडत? घे गं बाळ. हळू. बघा कशी घटाघटा प्याली. बघा! किती वर्षांची तहान ती.

मोबाइलवर ऐकलंत ना तुम्ही गाणं? इस्पितळातल्या आयाबाईंनी ऐकवलं म्हणालात. त्या आमच्याच मंडळीतल्या — आमच्या चर्चच्या, म्हणजे आमच्या पूर्वीच्या चर्चच्या, पण ते राहू द्या. ऐकल्या ऐकल्या रडू थांबेना, असं म्हणालात. सगळ्यांचं तसंच होतं. धाकटीच्या आवाजात काही फार गोडवा आहे असं नाही हां, मी बहीण असून सांगते. जरासा खरखरीत आहे, वरच्या सुरात फाटतो सुद्धा. पण तिनं तोंड उघडलं की माणसाला वाटतं, ही मला एकट्यालाच सांगतेय. हजारभर माणूस बसलेलं असो, प्रत्येकाला वाटतं मला एकट्याला! ते शिकून येत नाही. ते दान आहे. आणि गाणी सगळी तिची स्वतःची. दुसऱ्याचं एक नाही. भजनाच्या पुस्तकातलं गायला सांगितलं तर म्हणायची, "ताई, ते छान आहे गं, पण ते मला झालेलं नाही." झालेलं नाही! जसं काही गाणं म्हणजे पडसं आहे.

तुम्हाला सांगते पहिलं गाणं कसं झालं. सांगायलाच हवं, कारण त्यात तुमच्या लेकीचं सगळं आलं. आमचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचावीत तशी वाचायचे, अशी नजर. एके दिवशी कामावरच कोसळले — अर्धांग. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आमची आधीच गेलेली. मी थोरली, घरी मीच असायची. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. तर वडिलांचं सगळं अंथरुणात — सगळं म्हणजे कळलं ना तुम्हाला? ते मी केलं. पुसणं, कूस बदलणं, तेल लावून हातापायाला मालिश, भांडं देणं, भांडं धुणं. बरीच वर्षं. त्याचं गाणं नाही कुणी केलं — नाही, तक्रार म्हणून नाही सांगत मी. आणि गोळ्या काही केल्या घ्यायचे नाहीत. तोंडात घातली की थू! माझ्या पदरावर. रागाने बघायचे माझ्याकडे, जसं काही मीच पाडलंय त्यांना. मग संध्याकाळी धाकटी यायची दुकानातून, उशाशी बसायची, आणि काहीतरी गुणगुणायची. रोज एकच चाल. हळूहळू त्यात शब्द आले. येशू म्हणतोय आजाऱ्याला असं — "मी उशाशी आहे, मी उशाशी आहे, उजाडेल तोवर मी जागाच आहे." झालं, एवढंच धृपद. आणि ते ऐकता ऐकता आमचे वडील आ करायचे. लहान मुलासारखा आ! एकदा तिचं गाणं चाललेलं असताना पांघरुणातला त्यांचा उजवा पाय हलला. मी पाहिला. मी सकाळी दीडेक तास मालिश केली होती त्या पायाला, रोज करत होते, पण हलला तो तिच्या गाण्याला. डॉक्टर म्हणाले औषधाचा गुण, मालिशीचा गुण. म्हणू देत. ते पुढं काठी घेऊन अंगणात चालायला लागले, बाहेर बाकावर बसून लोकांशी अर्धंमुर्धं बोलायला लागले, आणि लोक विचारायचे, कशानं झालं हो हे? — तर वडील आत बोट दाखवायचे. स्वयंपाकघराकडे नाही हां, जिथं मी असायची. आतल्या खोलीकडे. तिच्याकडे.

का हो, मळमळतंय का तिला? उलटी होणारसं — थांबा, हे भांडं घ्या, हे घ्या. अहो, होऊ द्या. पुसते मी, मला सवय आहे, मला काही वाटत नाही. सकाळपासून होतायत? अस्सं. मग चांगलंच आहे की! इतकी वर्षं टोचून टोचून जे आत साठवलं ते निघतंय सगळं. पोट साफ होतंय. घाबरण्यासारखं काही नाही, मी खूप पाहिलंय. सुरुवात अशीच होते. तुम्ही आपल्या मनात धृपद म्हणत राहा.

तर काय सांगत होते — हां. मग चर्चमध्ये साक्ष दिली आम्ही. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. धाकटी बोलायला लाजरी, ती म्हणाली मी गाते. मी पेटीवर बसले. झालं. त्या दिवसापासून बोलावणी सुरू. इस्पितळात, वृद्धाश्रमात, मग दुसऱ्या मंडळ्या, मग मैदानात मांडव घालून. मी काही थापा नाही मारत तुम्हाला, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एक बाई होत्या, पोटचं मूल गेल्यापासून तोंडातून शब्द नाही, नवरा हाताला धरून आणायचा, नेऊन बसवायचा. धाकटी मंचावरून उतरली, त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि त्या मुलाचं नाव घेऊन गाणं केलं — तिथल्या तिथं! मी पेटीवर कसेबसे सूर धरत होते. आणि त्या बाई काय म्हणाल्या माहितीये? "त्याला थंडी वाजायची." एवढंच. किती दिवसांनी पहिलं वाक्य! मग रडल्या, मग जेवल्या. आजही आहेत, धडधाकट आहेत. दुसरे एक म्हातारे, मरायला टेकलेले, भीतीनं थरथरायचे, डोळा मिटला तर उघडणार नाही म्हणून झोपायचेच नाहीत — ते तिचं गाणं ऐकून झोपले. हो, गेले नंतर, पण झोपून गेले, हसत गेले. आता यात खोटं काय आहे सांगा? हे बरं होणं नाही तर काय आहे? धाकटी म्हणायची, "ताई, मी रोग बरा नाही करत, मी भीती बरी करते." मी म्हणायची, अगं तू कोण हे ठरवणारी, काय बरं होतं आणि काय नाही! देणारा वर बसलाय, तू नुसती नळी आहेस.

आणि इथंच माझं सुरू होतं. म्हणजे — आता तुम्ही घरच्यासारख्या आहात म्हणून सांगते. त्या पहिल्या गाण्याला मुळात मधलं कडवं कसं होतं माहितीये? ऐका. "एक गोळी पांढरी, एक गोळी निळी, दोन्ही त्याच्या हातच्या, घ्या हो वेळच्या वेळी." घ्या! वडिलांना गोळ्या भरवायला केलेलं ना ते, म्हणून तसं. खोलीत ठीक आहे हो, पण हजार माणसांच्या मांडवात? पांढरी न् निळी? लोक हसायचे. खरंच हसायचे, मी पेटीवरून बघायची ना, सगळं वातावरण चढत चढत यायचं आणि तिथं येऊन पडायचं — फिस्स. दवाखान्याची जाहिरात लागल्यासारखं. मी तिला म्हटलं, बाई, हे कडवं काढ. ती म्हणे, राहू दे गं, बाबांचं आहे. आणि मग एका सकाळी मी भांडी घासत होते — देवाशपथ सांगते, हात राखेत, मनात काही नाही — आणि ओळी आल्या. माझ्या! मला आयुष्यात कधी ओळ सुचली नव्हती. हात तसेच, धावत जाऊन तिला म्हणून दाखवल्या. "ठेव खाली बाटली, ठेव खाली काठी, रिकाम्या हातांनी ये माझ्या भेटी." बघा! अंगावर काटा आला ना? आला ना? धाकटीनं दोनदा पुटपुटून पाहिल्या. मग म्हणाली, "चांगल्या आहेत ताई." म्हणजे दारूची बाटली, असंच समजली ती, गर्वाची काठी वगैरे. मी काही समजावत बसले नाही. ज्याला जे समजायचं ते समजेल. आणि पुढच्याच सभेत तिनं ते कडवं गायलं, आणि काय सांगू तुम्हाला — लोक उठून उभे राहिले. इतकी वर्षं लोक बसून रडायचे, त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहिले! माझ्या ओळीवर. माझं नाव कुठं नव्हतं, कुणाला माहीत नव्हतं, पेटीवाली म्हणून कोपऱ्यात बसलेली मी, पण मला माहीत होतं ना. मला माहीत होतं.

झोपली वाटतं. बघा, कशी शांत पडलीय. हाक मारू नका, उगाच कशाला उठवता? — नाही, डोळे अर्धे उघडे राहतात काहींचे, माझे वडील पण तसेच झोपायचे. श्वास किती खोल घेतेय बघा. खालून, पार पोटातून. असा श्वास आजारी माणसाचा असतो का? आणि — थांबा हं, वाकू द्या मला जरा — वास येतोय. तुम्हाला येतोय का? तिच्या तोंडाला. गोड, पिकून मऊ झालेल्या फळासारखा. अहो, सुगंध आहे हा! मी सांगते ना, इतक्या सभा केल्या पण असं कधी झालं नव्हतं. सारखं कपाळ काय चाचपताय तिचं? असं नका करू, मुलांना कळतं आईच्या हातावरून.

डॉक्टर काय म्हणाले होते? एक दिवस सुई चुकली तर जिवावर बेतेल? — ते तसंच म्हणणार. त्यांचं ते कामच आहे. आमच्या शिंपीकाकांना पण तसंच सांगितलं होतं.

शिंपीकाका कोण? अहो, आमच्या मंडळीतलेच एक, शिंपीकाम करायचे, कोपऱ्यावर दुकान होतं. चांगला माणूस, हसरा. आमच्या गायनवृंदाचे पांढरे झगे त्यांनीच शिवले, मजुरी घेतली नाही. काळजाचं दुखणं होतं, रोजच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायच्या वेगळ्या. एकदा मांडवात धाकटी ते कडवं गात असताना ते उठले, चालत मंचाजवळ आले, शर्टाच्या खिशातनं गोळ्यांची डबी काढली — आणि कुणाला दिली? धाकटीला नाही. मला! पेटीवर ठेवली त्यांनी, माझ्या हाताजवळ. मी सूर सोडून ती डबी वर धरली. टाळ्या! तुम्ही ऐकायला हव्या होत्या त्या टाळ्या. धाकटीचे डोळे मिटलेले असतात गाताना, तिनं पाहिलंच नाही. तिला वाटलं टाळ्या गाण्याला पडतायत. मी पण — काही बोलले नाही. कशाला बोलायचं? तिला आपली सवय, लगेच पळत गेली असती त्यांच्यामागे, काका डबी विसरलात म्हणून.

मग काय, काही नाही. काका बरे होते. आठवडाभर अगदी तरतरीत, सगळ्यांना सांगत सुटले होते. मग एके दुपारी दुकानात मशीनवरच — म्हणजे, वयही झालं होतं हो. ज्याची वेळ आली त्याला कोण अडवतं? गोळ्या घेणारी माणसं मरत नाहीत का? मशीनवर पुढं डोकं टेकून बसलेले, गिऱ्हाइकाला वाटलं डुलकी लागलीय. बाहेर उभा राहिला बिचारा वाट बघत.

आता तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका. ऐका तरी पुढचं. त्यांची बायको — शिंपीणकाकू — आल्या इथं. इथंच, तुम्ही बसलात तिथं बसल्या. मला वाटलं आता आरडाओरडा करणार, मी तयारीत होते. पण नाही. धाकटीला म्हणाल्या, "मला ते गाणं म्हणून दाखव." धाकटी बसली त्यांच्या पायाशी, हात हातात घेतला, आणि सुरू केलं. धृपद झालं, पहिलं कडवं झालं, आणि मधल्या कडव्याला आली — "ठेव खाली बाटली" — तर काकू म्हणाल्या, "हां. इथंच. इथंच त्यांनी खिशाला हात घातला." धाकटीला कळेना. कसला खिसा? काकूंनी सांगितलं मग सगळं. डबीचं सांगितलं. कुणी वर धरली ते सांगितलं. आणि धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली — आवाज चढवला नाही हां तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं — म्हणाली, "ताई, ती डबी कुठंय?" मी म्हटलं, अगं असेल कुठंतरी. "डबी आण." आणली मी. देवापुढं चोरी नाही केली काही, कपाटातच होती. तिनं ती काकूंच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडली. मी मागं उभी. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून गाणं बंद. एक सूर नाही. घरातसुद्धा नाही, मोरीतसुद्धा नाही. शिंप्याच्या दुकानात लोकांचे अर्धवट कपडे पडून होते, ते मशीनसकट आणले तिनं इकडे, काकूंना विचारून. शिवण येत होतं थोडंफार. एकेक पुरं करते, नेऊन देते काकूंना. संपतच नाहीत मेले. संपले की नवीन घेते, काकूंचं घर त्यावर चालतं. मी म्हटलं, अगं तुला दान दिलंय ते काय काजं-बटणं करायला? — तर ती आपली सुईत दोरा ओवतेय. जेवण वाढलं की जेवते, विचारलं तर हो-नाही. पाळकसाहेब आले होते आमचे, चर्चचे मुख्य. चांगले आहेत, शांत आहेत. म्हणाले, "गाणी गा, जरूर गा, आजाऱ्यांना त्यांची गरज आहे. पण ते एक कडवं वगळा. आणि दर सभेत सांगा, औषध सोडू नका, तेही त्याचंच देणं आहे." मी म्हटलं, वगळणार नाही. मी म्हटलं! धाकटीला विचारायला आले होते ते, उत्तर मी दिलं. मग आमच्यासाठी मंडळीचं दार बंद झालं. होऊ दे. माणसं शोधत घरी येतात. तुम्ही आलात की नाही? मी रेकॉर्डिंग लावते, प्रार्थना करते, चाललंय. कुणाचं काही अडलेलं नाही — म्हणजे परत कुणी येऊन सांगत नाही काही, पण बरं झालेलं माणूस कशाला परत येईल?

पण तुमची लेक वेगळी आहे. काल तुमचा फोन ठेवला आणि माझ्या मनात लख्ख आलं — हिच्यासाठी धाकटी गाईल. लहान मूल आहे ना. लहान मुलाला समोर बघून तिला राहवणार नाही. आणि एकदा ही पोरगी त्या कडव्यावर उठून बसली, चालायला लागली, की मग — मग काकांचं काय ते आपोआप पुसलं जाईल. धाकटीला पण कळेल, पाळकांना पण कळेल. माझी ओळ खोटी नव्हती. कळलं का तुम्हाला? एवढंच सिद्ध व्हायचंय. एकदाच. म्हणून तर मी म्हटलं सुई पूर्ण थांबवूनच आणा, नाहीतर परत लोक म्हणणार औषधाचा गुण.

अहो, असं काय करता? हलवू नका तिला! गालावर मारू नका! झोपलीय, झोपलीय नुसती. नाव घेऊन किंचाळू नका, शेजारी काय म्हणतील — मोबाइल ठेवा खाली. कुणाला लावताय? मिस्टरांना? आत्ता? इतकं सगळं होत आल्यावर? दहा मिनिटं द्या मला, दहाच. रेकॉर्डिंग लावते मी — कुठं गेला तो रिमोट —

मशीन थांबलं. ऐकलंत? मशीन थांबलं! सांगितलं नव्हतं मी? येतेय ती. आता बघा. बसा, बसा, उठू नका — ये गं. ये. ही बघ, ही ती छोटी, मी तुला सकाळी दाराबाहेरून सांगितलं ना, ऐकलंस की नाही कुणास ठाऊक. या तिच्या आई. मी पेटी काढू का? पहिल्या सुरावर घेऊ? — अगं, नाडी काय बघतेस तू? तू काय डॉक्टर आहेस? तोंडाचा वास मी आधीच — हो, गोड येतोय, तेच तर मी यांना म्हणत होते. "शेवटची सुई कधी टोचली?" असं काय विचारतेस त्यांना दरडावून? घाबरल्यात त्या आधीच. मी सांगते, परवा संध्याकाळी. परवा. मीच सांगितलं त्यांना. हो, मीच. असं बघू नकोस माझ्याकडे. तू गा ना! एक कडवं गा, मग काय हवं ते कर. मी तुझ्या पाया पडते, थोरली असून पडते, एकदा गा —

उचलू नको तिला! मान लोंबतेय तिची, नीट धर — अगं, कुठं निघालीस? अनवाणी? समोरच्यांची गाडी? ते नाही नेणार, त्यांचं आपलं बोलणं नाही — नेतील म्हणे! अहो बाई, तुम्ही तरी थांबवा तिला, तुमची मुलगी आहे ना? तुम्ही विश्वासानं आला होतात. मी काही हाताला धरून नाही आणलं तुम्हाला. बोला ना काहीतरी, आल्यापासून सगळं मीच बोलतेय. मी दारात उभी आहे तर काय झालं? माझं घर आहे, मी कुठंही उभी राहीन. ढकलू नकोस. ढकलू नकोस म्हटलं ना, धाकटे! आपल्या बापाचं गूमूत मी काढलंय, तू नाही — घ्या, सरकले. सरकले मी. जा.

अहो — अहो ताई, मागं वळून एवढंच सांगा. तुमच्याच पोटची आहे, तुम्हाला कळेल. श्वास चाललाय ना तिचा? तुम्ही जवळ आहात, मला इथून दिसत नाही. चाललाय ना?

नका सांगू. जा.